लाईट आली, पण कॉम्प्युटर टिकत नाही: सारखा रीस्टार्ट होणारा पीसी घरच्या घरी कसा तपासायचा

वळवाचा पाऊस कोल्हापुरात बहुतेक दुपार कलल्यावर येतो आणि येताना वारा-विजा घेऊनच येतो. फांदी तारेला घासते, लाईट दोन-तीनदा डिम-फुल होते आणि जाते. तासाभराने ती परत येते. कॉम्प्युटर सुरू केला की पंखा फिरतो, कंपनीचं चिन्ह दिसतं आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पाच वेळा, दहा वेळा, तेच. अशा वेळी दोन चुका हमखास होतात. एक, बटण दाबत राहणं. दुसरी, विंडोज बिघडलं असं समजून लगेच फॉरमॅट मारणं. विजेच्या दोषानंतर सुरू झालेला रीस्टार्ट फॉरमॅटने क्वचितच थांबतो. फोटो, हिशेब आणि मुलांचे प्रोजेक्ट मात्र जातात.

शोध बाहेरून आत करत जायचा. आधी भिंतीतली वीज, मग यूपीएस, मग एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा), मग मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, पुढे नुसतं बोर्ड) आणि त्याला जोडलेले पार्ट, आणि सगळ्यात शेवटी विंडोज. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चाललं, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगला पार्ट भंगारात जातो.

सामान फार लागत नाही. फुलीचा स्क्रूड्रायव्हर, डिजिटल मल्टिमीटर, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, टॉर्च, कागदाला लावायची एक धातूची क्लिप आणि फोटो काढायला मोबाईल. मल्टिमीटर साधा चालतो, पण त्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भिंतीतलं सॉकेट मोजताना खटका एसी ७५०वर, म्हणजे काही मीटरवर ६००वर, ठेवायचा आणि लाल वायर कधीही १० अँपिअरच्या भोकात ठेवायची नाही. तशी ठेवून सॉकेटमध्ये घातली तर थेट शॉर्ट होतो आणि हातातला मीटर फुटतो.

आधी नीट पाहा: नेमका कधी बंद पडतो

मोबाईलवर सेकंद मोजा. बटण दाबल्यावर एक-दोन सेकंदांत पंखा झटका देऊन थांबत असेल आणि परत तेच होत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एसएमपीएसचं संरक्षण त्याला बंद पाडतंय. कंपनीचं चिन्ह यायच्या आत रीस्टार्ट होत असेल तर संशय एसएमपीएस, रॅम आणि बोर्डवर. चिन्ह येऊन विंडोजची टिंबं गोल फिरताना पडत असेल, तर डिस्क, बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रामची) सेटिंग किंवा विंडोजच्या फाइल. सगळं नीट सुरू होऊन गेम किंवा व्हिडिओ लावल्यावरच पडत असेल, तर उष्णता किंवा लोड न पेलणारा एसएमपीएस. आणि शेजारच्या खोलीत मिक्सर, इस्त्री किंवा पाण्याची मोटर सुरू झाली की पडत असेल, तर कॉम्प्युटर बहुधा निर्दोष आहे. दोष लाईटमध्ये नाहीतर यूपीएसमध्ये आहे.

बायोसमध्ये जाऊन अर्धा तास नुसतं थांबण्याची चाचणी सोपी आहे आणि फार उपयोगी. मशीन सुरू होताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की बहुतेक बोर्डांवर बायोस उघडतं. तिथे विंडोज चालूच नसतं. बायोसमध्येही रीस्टार्ट झाला तर विंडोजला दोष देणं थांबवा. तिथे तीस मिनिटं टिकला, तर हार्ड डिस्क आणि विंडोजकडे बोट वळतं, मात्र एसएमपीएस पूर्ण सुटला असं समजू नका, कारण बायोसमध्ये लोड कमी असतो.

जळका किंवा सडलेल्या माशासारखा वास आला, ठिणगी दिसली किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा. त्यानंतर मशीन परत लावून बघायचं नाही.

भिंतीतली लाईट ठीक आहे का?

मशीन उघडण्याआधी हे. घरातली लाईट अजून बिघडलेलीच असेल तर नवा एसएमपीएसही आठवड्यात जाईल.

सॉकेटसमोर उभं राहिल्यावर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं (वीज येते ती वायर), डावीकडचं न्यूट्रलचं (वीज परत जाते ती). मीटर एसी ७५०वर ठेवून तीन मोजमापं घ्या. फेज ते न्यूट्रल साधारण २२० ते २४० व्होल्ट यायला हवं. फेज ते अर्थिंग जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थिंग २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थिंग मध्ये ८०-१०० असं काहीतरी डुलणारं व्होल्टेज आलं तर अर्थिंग तुटलेलं आहे. पेठांतल्या जुन्या घरांमध्ये तीन भोकांचं सॉकेट नवं बसवलेलं असतं, पण त्याच्या मागे वायरी दोनच असतात, तेव्हा भोक दिसलं म्हणून अर्थिंग आहे असं धरू नका. ज्यांना चालू सॉकेटमध्ये मोजण्याची सवय नाही त्यांनी हे वायरमनकडून करून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात धोकादायक दोष न्यूट्रल सुटण्याचा. खांबावर किंवा डीपीत न्यूट्रल ढिला झाला की आपल्या घराचं व्होल्टेज शेजाऱ्यांच्या लोडवर हेलकावे खातं. कधी १५० होतं, कधी ३००च्या वर जातं, आणि वाईट वेळी दोन फेजांमधल्या ४०० व्होल्टच्या जवळ पोहोचतं. ओळखायची खूण म्हणजे काही दिवे नेहमीपेक्षा लख्ख होतात, पंखे आवाज करत पळायला लागतात, तर काही घरांत दिवे मिणमिणतात. असं दिसलं की मेन स्विच बंद करा, मग महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. "लाईट नाही" असं मोघम सांगू नका. "न्यूट्रल गेल्यासारखं वाटतंय, व्होल्टेज जास्त येतंय" असं स्पष्ट सांगा. वायरमन काय सामान घेऊन येणार ते त्यावर ठरतं.

घरातल्या बोर्डातही ढिला स्क्रू असतो. प्लग हलवल्यावर चर्रर आवाज, सॉकेट गरम लागणं, प्लगच्या पिना काळ्या होणं, यातलं एकही दिसलं तर ते सॉकेट बदलूनच पुढे जा.

यूपीएस आणि स्पाइक बोर्ड बाजूला काढा

लाईट बरोबर असेल तर कॉम्प्युटरचा प्लग यूपीएसमधून आणि एक्स्टेंशन बोर्डमधून काढून थेट भिंतीच्या १६ अँपिअरच्या किंवा चांगल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा. घरगुती तक्रारींमध्ये इथेच उत्तर सापडण्याची शक्यता बरीच असते. थेट लावल्यावर मशीन तासभर व्यवस्थित चाललं, तर कॅबिनेट उघडायची गरज नाही.

६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. बॅटरी थकली तरी लाईट असताना यूपीएसचा दिवा हिरवाच असतो. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं की तो बॅटरीवर जातो, बॅटरी लोड पेलत नाही, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. तपासायला यूपीएस आठ तास चार्ज करा, त्याला कॉम्प्युटरऐवजी ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडा आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. बल्ब मिनिटभरात विझला तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर, मिक्सर किंवा इस्त्री यूपीएसवर कधीच लावायची नाही.

इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचा किंवा बाजूचा खटका पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरना साधा आणि यूपीएस असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये बदली व्हायला जास्त वेळ लागतो. एसएमपीएसमध्ये साठवलेली वीज लाईटच्या एका आवर्तनाच्या, म्हणजे वीस मिलिसेकंदांच्या, आसपासच पुरते. तेवढ्यात इन्व्हर्टर आला नाही की मशीन रीस्टार्ट. खटका यूपीएस मोडवर करा.

स्पाइक बोर्डातला संरक्षण देणारा पार्ट मोठ्या धक्क्यानंतर जळतो, बोर्ड मात्र चालू राहतो. विजेच्या कडकडाटानंतर काळपट पडलेला बोर्ड फेकून द्या.

आता कॅबिनेट

मॉनिटरची आणि कीबोर्डची केबल सोडून यूएसबी, प्रिंटर, स्पीकर, लॅन सगळं काढा. वीज कडाडल्यावर लॅनच्या तांब्याच्या वायरीतूनही धक्का शिरतो. फायबर स्वतः वीज नेत नाही, पण राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर तांब्याचीच असते. बोर्डावरचं लॅन पोर्ट जळून शॉर्ट झालेलं असलं तर मशीन सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन पडतं.

प्लग काढा आणि पॉवर बटण वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज उतरेल. डाव्या बाजूचा पत्रा काढा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. आतले फोटो घ्या, प्रत्येक केबलचा. परत जोडताना त्याचा उपयोग होतो.

टॉर्च मारून बोर्डावरचे नळकांड्यासारखे कॅपॅसिटर पाहा, विशेषतः प्रोसेसरच्या भोवतीचे. वरचं तोंड सपाट असायला हवं. फुगलेलं, फाटलेलं किंवा त्यावर तपकिरी रस सुकलेला असेल तर बोर्ड दुरुस्तीला जाणार. धूळ ब्रशने झाडा. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी ओली असते की जाड धुळीचा थर ओल धरतो, तेव्हा पावसाळ्यात ही साफसफाई टाळू नका. पंख्याला ब्रश लावताना बोटाने पंखा धरून ठेवा.

पुढच्या पॅनेलचं रीसेट बटण अडकलेलं असलं तर मशीन याच आजाराचं सोंग घेतं. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात जिथे बारीक वायरी लागतात तिथून पॉवर आणि रीसेट या दोन्ही बटणांच्या वायरी काढा. पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन सुरू करा. आता टिकत असेल तर दोष बटणात आहे. पार्ट बदलण्याआधी हे करून बघाच, खर्च शून्य आहे.

एसएमपीएस: संशयित नंबर एक

भिंतीतून आलेला धक्का सगळ्यात आधी यालाच बसतो. पूर्ण जळाला तर मशीन मुळीच सुरू होत नाही. अर्धवट मार बसलेला एसएमपीएस जास्त फसवतो. त्यातले कॅपॅसिटर दुबळे होतात, पंखा फिरतो, दिवे लागतात, पण प्रोसेसरने जास्त वीज ओढली की १२ व्होल्टची लाइन खाली बसते. एसएमपीएसमधून एक करडी वायर बोर्डाला येते. तिच्यावर ५ व्होल्ट असेपर्यंत बोर्ड समजतो की वीज ठीक आहे. तो संदेश क्षणभर गेला की बोर्ड स्वतःला रीसेट करतो. रीस्टार्टच्या चक्रामागे बऱ्याचदा हेच असतं.

एसएमपीएसचं डबं उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतं. घरी जे करायचं ते बाहेरूनच.

मागे लाल रंगाचा ११५/२३० असा खटका असेल तर तो २३०वरच हवा. आपल्याकडे चुकून ११५वर गेला तर एसएमपीएस त्याच क्षणी उडतो.

क्लिपची चाचणी अशी: प्लग काढा, चोवीस पिनांचा मोठा जोड आणि प्रोसेसरचा चार किंवा आठ पिनांचा जोड बोर्डातून काढा, डिस्कच्या केबलही काढा. मोठ्या जोडात हिरवी वायर एकच असते. क्लिप वाकवून हिरवीच्या आणि शेजारच्या काळीच्या भोकात घाला, हात काढा, मग प्लग लावून खटका चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरायला हवा. वायरी सगळ्या काळ्याच असतील तर पिनांचा नकाशा पुस्तिकेत पाहा, अंदाजाने क्लिप खुपसायची नाही. डेल, एचपी, लेनोव्होच्या तयार मशिनांमध्ये अनेकदा जोड वेगळ्या मापाचा असतो, तिथे ही चाचणी करू नका.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असा अर्थ काढून लोक थांबतात. क्लिपने फक्त पूर्ण मेलेला एसएमपीएस कळतो. दुबळा कळण्यासाठी लोडवर मोजावं लागतं. सगळं परत जोडा, मीटर डीसी २०वर ठेवा, मीटरची काळी वायर जोडाच्या मागच्या बाजूने काळ्या वायरीच्या भोकात घाला आणि मीटरच्या लाल वायरीने जोडातल्या या रंगांच्या वायरी एकेक मोजा:

पिवळी: ११.४ ते १२.६ व्होल्ट.
लाल: ४.७५ ते ५.२५.
नारिंगी: ३.१४ ते ३.४७.
जांभळी: ४.७५ ते ५.२५, आणि ही मशीन बंद असतानाही, प्लग लागलेला असेपर्यंत.

मशीन सुरू होताना पिवळीवर डोळा ठेवा. ११.९ वरून ११.२ पर्यंत घसरून रीस्टार्ट झाला तर निदान झालं. साधा मीटर मिलिसेकंदाचा खड्डा दाखवू शकत नाही, त्यामुळे आकडे बरोबर येऊनही संशय राहिला तर ओळखीच्याचा चालता एसएमपीएस तासभर लावून बघणं हीच सगळ्यात खात्रीची चाचणी. दुकानदाराला "नवा द्या" म्हणण्याआधी "चेक करायला एक लावून दाखवा" म्हणा.

नवा घेताना वॅटच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ३५-३६ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळते. लेबलवर ४५० आणि १२ व्होल्टला जेमतेम १५-१६ अँपिअर असेल, तर तो प्रत्यक्षात २०० वॅटच्या आसपासचा आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरच्या मशीनला ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) ४५० वॅट भरपूर होतो.

बोर्ड आणि रॅम

एसएमपीएस चांगला निघाला आणि आजार तसाच राहिला, तर मशीन किमान पार्टवर आणा: बोर्ड, प्रोसेसर, त्यावरचा पंखा, एक रॅम आणि बोर्डाचंच डिस्प्ले पोर्ट. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, बाकी सगळं बाहेर. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर कार्ड ठेवावंच लागेल.

रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झाडा, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक करून, दोन्ही खाचांत बदलून बघा. रॅम पूर्ण काढल्यावर स्पीकर असलेला बोर्ड बीप देतो. बीपही येत नसेल आणि रीस्टार्ट चालूच असेल, तर बोर्ड किंवा प्रोसेसर. यापुढे घरी वेळ घालवू नका. विजेच्या धक्क्यात प्रोसेसर क्वचित जातो, बोर्ड जास्त.

किमान पार्टवर मशीन टिकलं तर एकेक पार्ट परत जोडा, प्रत्येकानंतर पंधरा मिनिटं चालवा. ज्याने पुन्हा चक्र सुरू होईल तो दोषी.

बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते. २.८च्या खाली गेली असेल तर बदला. एक सूक्ष्म गोष्ट इथे अडकवते. बॅटरी गेल्यामुळे किंवा ती काढल्यामुळे बायोसची सेटिंग मूळ पदावर जाते, त्यात डिस्कचा साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग) बदलू शकतो, आणि मग विंडोज सुरू होता होता निळ्या पडद्यावर पडून रीस्टार्ट होत राहतं. म्हणून बॅटरी काढण्याआधी, बायोस उघडत असेल तर, साटाच्या पानाचा फोटो घ्या आणि नंतर तोच मोड परत लावा.

बायोसमध्येच प्रोसेसरचं तापमान दिसतं. तिथे नुसतं बसून ३५ ते ५५ अंश असावं. दोन-तीन मिनिटांत ९० गाठत असेल तर पंखा बंद आहे किंवा कूलर सुटलाय. कूलर काढला की जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नाही.

पुराचं पाणी शिरलेलं कॅबिनेट हे प्रकरण वेगळं आहे. २०१९ आणि २०२१च्या महापुरात शहरातल्या तळमजल्यांत पाणी आलं होतं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठू लागली की नदीकाठच्या घरांनी कॅबिनेट वर हलवावं. बुडालेलं मशीन वाळवून लावून बघू नका. डिस्क काढून, तिला वीज न देता, डेटा काढणाऱ्या माणसाकडे द्या.

शेवटी विंडोज

बायोसमध्ये टिकतं आणि विंडोजच्या टिंबांवर पडतं, तेव्हाच हा भाग. आधी डेटा. डिस्क काढून साटा-यूएसबी केसमधून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि महत्त्वाचं कॉपी करा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर लगेच थांबा.

विंडोज १० किंवा ११ सुरू होताना तीन वेळा अर्धवट पडलं की ते स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडतं. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. येणाऱ्या यादीत ९ दाबलं की चूक झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होणं बंद होतं आणि निळा पडदा स्थिर राहतो. त्यावरचा कोड लिहून घ्या. निळा पडदा न येताच मशीन पडत असेल तर तुम्ही अजून विजेच्या नाहीतर बोर्डाच्या दोषातच आहात, मागे जा. त्याच यादीत ४ दाबलं की सेफ मोड.

सेफ मोड उघडला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टीम या जागी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधा. तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्याच्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल तर वीज अचानक तुटली होती. शून्य नसेल तर ड्रायव्हर, रॅम किंवा फाइल. मग सी ड्राइव्हवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक शोधून रॅमचीही तपासणी चालवा. फॉरमॅटचा विचार यानंतर.

जोडून झाल्यावर

मशीन आधी थेट भिंतीवर चार तास चालवा, मग यूपीएसवर. बायोसमध्ये लाईट परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती ऑफवर ठेवा. म्हणजे लाईट दोन-तीनदा ये-जा करत असताना मशीन आपणहून उठून प्रत्येक धक्का खाणार नाही. यूएसबीच्या वस्तू एकेक लावा, लॅनची वायर सगळ्यात शेवटी. लॅन लावताच पडलं तर बायोसमधून बोर्डाचं लॅन बंद करा आणि यूएसबीचा लॅन अडॅप्टर वापरा, बोर्ड बदलायची गरज पडत नाही. आणि पुढच्या वळवाला ढग गडगडायला लागले की दोन वायरी भिंतीतून काढा, कॉम्प्युटरची आणि राउटरच्या अडॅप्टरची.